ट्रेलरचे सहा गॅलन

सकाळी आठ वाजता कचेरीच्या आवारात ट्रकला ट्रेलर जोडून जलाल खाली उतरला, तर वामनराव कारकून हातात दोन गुलाबी चिठ्ठ्या घेऊन समोर उभे. एक चिठ्ठी ट्रकच्या डिझेलची, अठरा गॅलनची. दुसरी ट्रेलरच्या डिझेलची, सहा गॅलनची.

“ट्रेलरले डिझेल?” जलाल चिठ्ठीकडे आणि ट्रेलरकडे आळीपाळीने पाहू लागला. “वामनराव, त्याले इंजिन कोठी हाये? पान्याची टाकी हाये ते. मी वढतो तवा चालते.”

“हळू बोला ना बाप्पा!” वामनरावांनी इकडेतिकडे पाहिले. “तुम्हीच तर म्हणत होते, टाकी भरून ओढली की ट्रक तेल जास्त खातो म्हणून. आता ट्रकला किती तेल द्यायचं ते वरून ठरून आलेलं आहे, त्यात थेंब वाढत नाही. मग मी काय केलं? ट्रेलरवर नंबर रंगवलेला आहे, म्हणजे तो वाहन झाला. वाहन झालं की तेल मंजूर करता येतं. करून घेतलं! पंपावर दोन्ही चिठ्ठ्या द्यायच्या आणि सगळं तेल ट्रकच्या टाकीत ओतायचं. समजलं?”

जलालला समजले. समजले म्हणजे काय, कौतुकच वाटले. वामनराव वाईट माणूस नव्हते. नियमाच्या भिंतीत कुठे भोक पडते ते त्यांना बरोबर ठाऊक असे, आणि त्या भोकातून ते दुसऱ्यालाही काढून द्यायचे. फक्त बाहेर पडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे पाहायला ते थांबत नसत.

आज जलालला मात्र कुठलीच भानगड नको होती. नऊ वर्षे तो त्या कचेरीत हंगामी ड्रायव्हर होता. दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवायचे, नोकरी तुटली असे कागदावर लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हंगामी म्हणून कामावर घ्यायचे, असा खेळ नऊदा झाला होता. मोहल्ल्यात जलाल नावाचे दोघे होते, म्हणून ओळख पटवायला लोक याला ‘हंगामी जलाल’ म्हणत. बिस्मिल्लाबीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते ऐकले की अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या भावाने तर एकदा भर पंक्तीत विचारले होते, “भाईजान, तुमचं लगीन तरी कायम हाये ना?”

आणि आज ते सगळे संपणार होते. जलालला कायम करण्याचा हुकूम टाइप होऊन वामनरावांच्या पिशवीत पडला होता, नुसती साहेबांची सही बाकी. साहेबांची बदली झालेली, उद्या सकाळी ते जाणार. साहेब म्हणाले होते, “उमरडोहचा पाण्याचा कार्यक्रम चार वाजता आहे. माझा इथला शेवटचा कार्यक्रम. ट्रेलर वेळेवर आणि नीट पोचू द्या, तिथेच सही करतो.” नाहीतर नवा साहेब येणार, फाइल पहिल्या पानापासून वाचणार, आणि पहिल्या पानावर जलालचे वय लिहिलेले होते. कायम होण्याची वयाची मर्यादा ओलांडायला आता दोनच महिने उरले होते.

उमरडोह मारेगावच्या पलीकडे. त्या गावापासून दीड मैलावर कोलाम आदिवासींची वस्ती, तिला सगळे पोड म्हणत. पोडाची विहीर मार्चातच आटली होती आणि माणसे नाल्यातला खड्डा उकरून पाणी पीत होती. मेमध्ये कचेरीला ते कळले, आणि कळल्यावर कचेरीने मांडव, हार आणि फोटोग्राफर यांची व्यवस्था करून चारशे गॅलन पाणी पाठवायचे ठरवले.

आता यवतमाळहून मारेगावला सरळ रस्ता आहे. पण कचेरीचे तेल कळंबच्या पंपावर मिळे. कळंब एकीकडे, मारेगाव दुसरीकडे. तेल भरण्यासाठी इतका फेरा घ्यायचा की भरलेल्यातले बरेचसे त्या फेऱ्यातच जाळायचे. हे असे का, ते विचारणारा माणूस कचेरीत टिकला नसता. जलालने कधी विचारले नाही. तो आणि वामनराव कळंबच्या रस्त्याला लागले.

अकराच्या सुमारास पंपावर पोचले, तर निंबाच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसलेले. डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर वही. पंपावरचा हिरासिंग, जो एरवी लांबून हात हलवून हसायचा, तो आज डोळ्यांनी खुणा करत होता. जलाल ट्रक पंपाशी लावून उतरला.

“तपासनीस हायेत,” हिरासिंग पुटपुटला. “नागपुराहून आले. मांगच्या महिन्यात कोठंतरी सरकारी तेल डब्यात भरून विकलं म्हने कोनी. आता ज्या गाडीची चिठ्ठी, त्याच गाडीत तेल. एक थेंब इकडचा तिकडं नाई.”

वामनरावांचा चेहरा पडला. तोवर तपासनीस उठून जवळ आले होते. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या, चष्मा वर केला, ट्रक पाहिला, ट्रेलर पाहिला.

“हे काय आहे?”

“ट्रेलर आहे, साहेब,” वामनराव म्हणाले.

“वाहन आहे की सामान?”

“वाहन, साहेब. नंबर आहे ना. हा पाहा.”

“मग ते ट्रकला चिकटून का उभं आहे? एका वेळी पंपाशी एक वाहन. ट्रकचं झाल्यावर ट्रेलरचा नंबर. सोडवा तो.”

जलालने वामनरावांकडे पाहिले. वामनराव आभाळाकडे पाहत होते. भरलेली टाकी सोडवायची म्हणजे चेष्टा नव्हे. दोन चाकांचा ट्रेलर, पुढचा दांडा सुटला की तोंडावर पडायचा. जलालने जॅक लावला, हिरासिंगने दगड आणले, आणि वीस मिनिटे घाम गाळून ट्रेलर ट्रकपासून वेगळा झाला. ट्रकच्या टाकीत अठरा गॅलन पडले. तपासनिसांनी वहीत लिहिले आणि म्हणाले, “आता ट्रेलर येऊ द्या.”

“तो कसा येईन, साहेब?” जलालच्या तोंडून निघून गेले. “त्याले पाय थोडेच हायेत?”

“कसा येईल ते तुम्ही बघा. ड्रायव्हर कोण आहे त्याचा?”

“मीच.”

“मग आणा.”

“ट्रक जोडून वढू का?”

“म्हणजे पुन्हा दोन वाहनं झाली!”

एवढ्यात मागून एस.टी.ची मोटार येऊन उभी राहिली. कंडक्टर खाली उतरून ओरडू लागला, “अहो, ट्रकचं झालं ना? मंग आमाले येऊ द्या ना! या डबड्याच्या मांगं किती वेळ उभं राहाव?” तपासनीस मात्र न्यायाचे पक्के. ट्रेलर आधी आला, ट्रेलरचा नंबर आधी. शेवटी मोटारीतले उतारू खाली उतरले, त्यांतल्या दहाबारा जणांनी ट्रेलरला खांदे लावले, आणि इंजिन नसलेले ते वाहन लोकांच्या जोरावर डिझेल भरायला पंपाशी आले. एक म्हातारा उतारू ढकलता ढकलता विचारत होता, “काय हाये बाप्पा याच्यात?” पाणी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “अन् भराचं काय हाये?” डिझेल म्हटल्यावर त्याने ढकलणे सोडले आणि कोपऱ्यात जाऊन बिडी पेटवायला लागला, तर हिरासिंग धावत जाऊन ती विझवून आला.

जलालने वामनरावांना ट्रेलरच्या आडोशाला ओढले. “त्याईले खरं सांगून टाका ना. टाकी हाये म्हना. तेल ट्रकसाठी मांगलं म्हना.”

“खरं सांगू? खोटी चिठ्ठी केली म्हणून मी जाईन आणि खोटी चिठ्ठी चालवली म्हणून तुम्ही जाल. हंगामी माणसाला तर विचारतही नाहीत, जलालमिया, नुसतं काढून टाकतात.”

“मंग नको म्हना. आमाले ट्रेलरचं तेल नाई पाह्यजे म्हना.”

“मंजूर झालेलं नको म्हटलं की पहिला प्रश्न येतो, मागितलं काहून? त्याला उत्तर नाही माझ्यापाशी.”

तपासनीस खुर्चीवरून खाकरले.  साडेबारा होत आले होते, मारेगाव लांब होते, चार वाजता साहेब मांडवात येणार होते. तेव्हा त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. त्याच्याच डोक्यात आली, वामनरावांच्या नव्हे. पुढे चौकशीत तो हे नाकारू शकला नाही, कारण चौकशीच झाली नाही.

“हिरासिंग,” तो हळूच म्हणाला, “घासलेटचा रिकामा डबा हाये का? अन् सुतळी?”

कल्पना सोपी होती. टाकीच्या वरचे झाकण माणूस आत उतरेल एवढे रुंद. डबा सुतळीने आत सोडायचा, सुतळी हातात धरायची. पंपाची नळी झाकणातून आत. खाली खुर्चीवर बसलेल्या तपासनिसांना दिसणार काय? तेल ट्रेलरच्या तोंडात चालले. आणि तेल पडणार डब्यात. कळंबच्या बाहेर पडलो की डबा वर काढायचा आणि ट्रकमध्ये ओतायचा. वामनरावांनी जलालचा हात दाबला आणि म्हणाले, “जलालमिया, तुम्ही कारकून व्हायला पाहिजे होतं.”

जलाल टाकीवर चढून झाकणाशी उकिडवा बसला. डबा आत पाण्यावर छान तरंगू लागला. हिरासिंगने नळी वर दिली आणि पंपाचा दांडा फिरवायला घेतला. काचेच्या नळकांड्यात तेल चढायचे, गॅलनची खूण आली की खाली सुटायचे. हिरासिंग मोठ्याने मोजत होता आणि तपासनीस लिहीत होते.

“एक! ... दोन! ... तीन!”

चौथ्याला डबा काठोकाठ भरला.  घासलेटचा डबा चार गॅलनचा असतो, हे जिल्ह्यातल्या तमाम बायकांना माहीत होते. पण जलालच्या घरी घासलेट बिस्मिल्लाबी आणायची आणि वामनरावांच्या घरी त्यांची बायको शीला.

“बस! बस कर!” जलाल ओरडला.

“का बस?” तपासनिसांनी मान वर केली. “चिठ्ठी सहाची आहे.”

“सहा, जलालमिया! सहा!” वामनराव खालून किंचाळले. डबा त्यांना दिसत नव्हता, तपासनीस दिसत होते.

“पाच!” हिरासिंग म्हणाला. त्याचाही इलाज नव्हता. पाचवा गॅलन डब्याच्या चारी अंगांनी पाण्यावर वाहू लागला. जलालने नळी बाजूला घेऊ पाहिली, तशी सुतळी त्याच्या घामेजल्या मुठीतून सटकली. डबा एका अंगावर कलंडला, होते नव्हते ते सगळे तेल त्याने टाकीत ओतले आणि बुडुक करून तळाला गेला.

“सहा!”

तपासनिसांनी वहीत लिहिले: ट्रेलर, सहा गॅलन, समक्ष भरले. खाली सही केली, वामनरावांची घेतली, आणि समाधानाने म्हणाले, “असं असतं बघा. नियमानं केलं की कुणाला त्रास होत नाही.”

कळंबच्या बाहेर एक मैलावर जलालने ट्रक थांबवला, खाली उतरला आणि सरळ ट्रेलरच्या तोटीला हात घातला. वामनराव धोतर सावरत मागे धावले.

“काय करता?”

“सोडून देतो सारं पानी. डिझेल झालं त्याच्यात.”

“आणि उमरडोहला काय नेता? रिकामी टाकी? साहेब हार घालून उभे राहतील आणि तोटी सोडली की वारा येईल! मेचा महिना आहे, जलालमिया, चारशे गॅलन पाणी तुम्हाला रस्त्यात कोण देणार? यवतमाळलाच आज चौथ्या दिवशी नळ आला.” वामनरावांनी श्वास घेतला आणि आवाज उतरवला. “ऐका माझं. मी मॅट्रिक आहे. तेल पाण्यावर तरंगतं. तोटी कुठं आहे? खाली. खालून येणार ते पाणीच. साहेब खालचंच पिणार.”

“अन् मांगून?”

“मागून काय?”

“टाकी संपत आली की वरचं खाली येईन ना. ते कोन पिईन?”

 वामनरावांनी पिशवीतून तो टाइप केलेला हुकूम काढला, तिथेच उन्हात उलगडला आणि जलालपुढे धरला. जलालला वाचायला फारसे येत नसे. पण आपले नाव त्याला ओळखू येत होते आणि त्याखालची सहीची मोकळी जागाही. तोटीवरचा हात त्याने काढून घेतला. लाज वाटली त्याला, नाही असे नाही. पण लाज गिळून तो ट्रकवर चढला.

पावणेचारला ट्रक उमरडोहला लागला. मांडव गावात घातला होता, पोडापाशी नव्हे, कारण पोडापर्यंत साहेबांची जीप जात नव्हती. पाणी ज्यांच्यासाठी मंजूर झाले होते त्या पोडातल्या बाया डोक्यावर मडकी घेऊन दीड मैल चालत आल्या होत्या आणि दुपारपासून मांडवाच्या मागच्या अंगाला उन्हात बसल्या होत्या. पुढच्या सतरंजीवर गावातली वजनदार माणसे.

साहेब आले. ट्रेलरला हार घातला, नारळ फोडला. साहेबांनी दहा मिनिटे भाषण केले, त्यात पाणी हा शब्द चाळीस वेळा आला. मग त्यांनी तोटी सोडली, चांदीचा पेला भरला, फोटोग्राफरकडे तोंड केले आणि पेला ओठाला लावला. जलालने डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात त्याने जेवढे दर्गे आठवले तेवढ्यांना चादर कबूल केली.

“वा!” साहेब म्हणाले. “गोड आहे!”

साहेबांच्या तोंडात चोवीस तास तंबाखूचे पान असे. त्यांना त्या पेल्यात काय भरून दिले असते तरी ते गोडच लागले असते. पण साहेबांनी गोड म्हटल्यावर पुढच्या सतरंजीचा नाइलाज झाला. एकेकाने पेला घेतला, एकेकाच्या कपाळाला आठी पडली, आणि एकेक जण म्हणाला, “गोड हाये, साहेब. लय गोड.” एकाने तर दुसरा पेलाही मागितला, त्याचे काहीतरी काम साहेबांकडे अडले होते. वामनरावांनी हा सगळा अभिप्राय कार्यक्रमाच्या कागदावर लिहून घेतला.

मग तो क्षण आला. वामनरावांनी संधी साधून हुकूम पुढे केला, ट्रेलरच्या चाकावरचा पत्रा टेबलासारखा वापरून साहेबांनी झर्रकन सही ठोकली आणि कागद जलालच्या हातात दिला. “घ्या जलाल. आजपासून तुम्ही कायम.”

नऊ वर्षे ज्याची वाट पाहिली तो कागद हातात आला, तर जलालच्या मनात काय आले? बिस्मिल्लाबी नाही, मोहल्ला नाही. त्याच्या मनात आले की आता टाकीत पाणी किती उरले असेल. पाहुण्यांच्या चहाला दोन पिंपे गेली होती. वजनदार माणसांच्या घरून घागरी येऊन भरून गेल्या होत्या. मग गावाची रांग लागली होती. साहेबांच्या जीपच्या रेडिएटरमध्येही ओतले होते. आणि पोडातल्या बाया अजून मागेच होत्या. पाणी त्यांचे, आणि नंबर शेवटचा. जलालने टाकीच्या अंगावर बोटाने टकटक केले. आवाज पोकळ आला.

गावाची रांग संपली. पोडातल्या बायांना बोलावणे गेले. सगळ्यांत पुढे मानीबाई नावाची एक कोलाम बाई होती, काखेत तापाने मलूल झालेले पोर. तिने मडके तोटीखाली ठेवले, मग हाताची ओंजळ पुढे केली आणि जलालला विचारले, “भाऊ, लेकराले पाजाले चालते ना हे? लय तहानलं हाये ते.”

तोटीतून पाणी आले ते पिवळसर, वर रंग चमकत असलेले. जलालने एकदा त्या पोराकडे पाहिले, आणि मग आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत त्याने तोटी बंद केली.

“नको पाजू, माय. डिझेल हाये याच्यात.”

 साहेब पान थुंकून उभे राहिले. “काय म्हणाला हा?”

“डिझेल हाये, साहेब,” जलाल मोठ्याने म्हणाला. आता कळले होते तर सगळ्यांना कळू दे, असा त्याचा आवाज चढला. “सहा गॅलन डिझेल पडलं या टाकीत. माह्या हातून पडलं. कळंबलेच सांगाले पाह्यजे होतं, मी सांगतलं नाई. सहीसाठी नाई सांगतलं.”

ज्याने दोन पेले पाणी मागून घेतले होते तो मांडवाच्या मागे धावला. साहेबांचा चेहरा लाल, मग काळा झाला. डिझेलचे त्यांना एवढे वाटले नाही. पण त्यांनी ते पाणी गोड म्हटले होते, भर सभेत, फोटोसकट.

“बसवा याला घरी!” साहेब वामनरावांवर ओरडले. “आत्ताच्या आत्ता काढून टाका!”

वामनराव हात जोडून पुढे झाले. “साहेब, सही झाली आहे.”

“मग?”

“हंगामी असता तर काढता आला असता. आता कायम झाला. कायम माणसाला काढता येत नाही, साहेब. फक्त निलंबित करता येतं.”

“मग निलंबित करा!”

निलंबनाचा हुकूम वामनरावांनी तिथेच हाताने लिहिला, त्याच पत्र्यावर ठेवून. कायम होऊन जलालला अर्धा तासही झाला नव्हता. साहेबांनी दोन्ही हुकमांवर एकाच पेनने सही केली आणि जीपमध्ये बसून निघून गेले. उद्या त्यांना जायचे होते.

जलाल मानीबाईपाशी आला. निदान इथे तरी आपण काहीतरी बरे केले, असे त्याला वाटत होते. माणसाला वाटते असे. पण मानीबाईने मडके उलटे करून झटकले आणि पोराला दुसऱ्या काखेत घेतले.

“सांगाचंच होतं तं आल्याआल्याच सांगाव ना, भाऊ,” ती म्हणाली. “आमी उन्हात बसून राह्यलो नसतो. तवाच नाल्यावर गेलो असतो तं दोन मडके भेटले असते. आता तेबी नाई.”

ती रागावलेली नव्हती, हेच जलालला जास्त लागले. बाया रिकामी मडकी डोक्यावर घेऊन आल्या वाटेने निघून गेल्या. निलंबित माणसाला सरकारी वाहनाला हात लावता येत नाही, म्हणून ट्रक आणि ट्रेलर मांडवापाशीच राहिले, आणि जलाल आणि वामनराव एकाच्या बैलबंडीतून मारेगावला येऊन यवतमाळच्या मोटारीत बसले. मोटारीत वामनराव खिडकीपाशी बसले आणि जलाल दाराशी.

घरी बिस्मिल्लाबीने शिरा करून ठेवला होता. जलालने सगळे सांगितले, काही लपवले नाही. 

“पोराले पाजू नाई देलं ना?” तिने विचारले.

“नाई देलं.”

“अन् कायम तं झाले ना?”

“झालो.”

“मंग जेवा.” तिने ताट पुढे सरकवले आणि स्वतः चुलीकडे तोंड करून बराच वेळ बसली.

आठव्या दिवशी वामनराव घरी आले. बिस्मिल्लाबीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. वामनरावांनी पाणी नुसतेच हातात धरून ठेवले.

“चौकशीचं काय झालं?” जलालने विचारले.

“चौकशीतच तर पंचाईत आहे. कागद सगळे बरोबर आहेत हो! ट्रेलरचं तेल ट्रेलरमध्येच गेलं, तपासनिसाची सही आहे. पाणी गोड होतं, असा साहेबांचा शेरा आहे, खाली गावातल्या अकरा जणांच्या सह्या. मग गुन्हा काय झाला, हे नव्या साहेबांना सापडत नाही. आणि सापडल्याशिवाय चौकशी लागत नाही. चौकशी लागल्याशिवाय तुमचं निलंबन उठत नाही.”

“मंग मी काय करू? दुसरीकडं ट्रक चालवू?”

“छे छे! तुम्ही सरकारी माणूस. कायम. दुसरीकडं काम केलं तर मात्र गुन्हा सापडेल.”

 जलालने विचारले, “अन् पोडाचं पानी?”

“त्याचसाठी तर आलो ना मी!” वामनराव खुर्चीत पुढे सरकले. “ट्रक तिकडंच उभा आहे. नव्या साहेबांनी तुमच्या जागी एक हंगामी ड्रायव्हर घ्यायला मंजुरी दिली. पण माणूस भेटून नाही राहिला. ट्रेलर ओढायची सवय पाहिजे, तो रस्ता माहीत पाहिजे, अन् हंगामी राहायची तयारी पाहिजे. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?”

चुलीपाशी बिस्मिल्लाबीचा हात थांबला. ती पदर सारखा करून उठली आणि आशेने पुढे आली. “वामनभाऊ, मंग त्याईलेच घ्या ना! नऊ वरसं तेच तं करत होते.”

“कसं घेणार, भाभी?” वामनरावांना मनापासून वाईट वाटले. “गेल्या आठवड्यापर्यंत हंगामी होते, तोवर चाललं असतं. एक दिवस घरी बसवलं असतं अन् दुसऱ्या दिवशी मीच अर्ज लिहून आणला असता. पण हंगामी जागेवर कायम माणूस घेता येत नाही.”

 वामनरावांनी पाणी न पिताच पेला खाली ठेवला, टोपी घातली आणि दारापर्यंत गेले. तिथून ते मागे वळले आणि जलालचा हात हातात घेतला.

“अरे हो,” ते म्हणाले, “त्या दिवशी गडबडीत राहूनच गेलं. अभिनंदन, जलालमिया.”